वेल्श पोरांची उमेदवारी : प्रगती की पोटावारी?

गावकूस :
सोळाव्या-सतराव्या शतकात लंडन-ब्रिस्टलला धन्याच्या हाताखाली काम शिकायला (म्हणजे उमेदवारीला) गेलेल्या वेल्श पोरांना सरसकट 'सात वर्षांचे गुलाम' म्हटलेलं मला पटत नाही. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला आणि सगळ्या मुलांत जमीन वाटायची जुनी वेल्श रीतही मोडली. थोरला वारस झाला. धाकट्यांनी काय करायचं? शहरात उमेदवारीची मुदत भरली की 'फ्रीमन' (शहरात धंद्याचा हक्क असलेला नागरिक) होऊन स्वतःचं दुकान टाकता येई. वेल्समधल्या डेनबीचा थॉमस मिडल्टन १५७६ मध्ये लंडनच्या किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागला आणि १६१३ मध्ये तिथला महापौर झाला. त्याच वर्षी त्याच्या धाकट्या भावाने, सोनार असलेल्या ह्यूने, न्यू रिव्हर कालव्यातून लंडनला पाणी आणलं.

खडूस काका :
उदाहरण काय निवडलंत! मिडल्टनचे वडील डेनबी किल्ल्याचे गव्हर्नर होते. १५६३ चा कारागिरांचा इंग्लिश कायदा वाचा : शहरात सोनार, कापडवाले वगैरेंकडे लागायचं तर आईबापाची वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन हवी (लंडन आणि नॉरिच सोडून). गरिबाच्या पोराने लोहाराचा भाता ओढावा. करार किमान सात वर्षांचा, चोविशीच्या आत सुटका नाही. लग्न नाही, गुत्ता नाही, फासे नाहीत. हातात काय? जेवण, कपडा, निजायला जागा. गावच्या सालगड्याला निदान वर्षाकाठी मजुरी मिळे!

गावकूस :
लंडन सोडून, हे तुम्हीच लिहिलंत की. सालगडी म्हातारपणीही सालगडीच. लोहारकाम शिकलेल्याच्या हातात कसब तरी राहतं.

सुईदोरा :
दोघेही धरून चालला आहात की पोरं मुदत पुरी करत. लंडनमध्ये मोठा हिस्सा मधेच बाहेर पडायचा. कुणाचा धनी मेला, कुणी पळाला, कुणी कामापुरतं शिकून गावी परतला. अर्धवट शिकलेला शिंपीही खेड्यात चालतो. आणि लंडनचं कौतुक पुरे. दक्षिण वेल्सच्या पोरांना समुद्राच्या फाट्यापलीकडचं ब्रिस्टल जवळचं होतं. वेल्सच्या सीमेजवळच्या श्रूजबरी या इंग्लिश गावचे व्यापारी तर वेल्श लोकरी कापडावरच गबर झाले. तिथे वेल्श बोलणारा पोऱ्या धन्याला परका वाटला नसणार.

खडूस काका :
परतला म्हणजे सुटला, असंच ना? १७१८ मध्ये लंडनच्या वेल्श मंडळींना गरीब वेल्श पोरांसाठी धर्मादाय शाळा काढावी लागली आणि तिथून त्यांना कुठेतरी कामाला लावून द्यावं लागलं. सगळं सुरळीत होतं तर ही वेळ का आली?

गावकूस :
कामाला म्हणजे उमेदवारीलाच ना, काका? पावणेदोनशे वर्षं सोसूनही आपल्याच लोकांनी पोरांसाठी तेच निवडलं.