कम्युनिटी कॉलेजात पहिलं वर्ष वाया गेलं, आता यूसीत ट्रान्सफर जमेल का? मदत हवी आहे

अंगणवेल:
नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात असतो. मुलगा इथेच जन्मलेला, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. हायस्कूलनंतर घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात गेला. दोन वर्षं तिथे काढायची आणि मग यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) इंजिनिअरिंगला जायचं असा बेत होता. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये एफ (नापास), केमिस्ट्री आणि इतिहासात डी, इंग्रजीत सी. दुसऱ्या सेमिस्टरला सायकॉलॉजीत एफ, बाकी सगळे डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडलेले. हे का झालं त्यात शिरत नाही, तो त्याचा विषय आहे. मग वर्षभर एका गोदामात रात्रपाळी केली आणि आपणहून परत नाव घातलं.

आता गाडी रुळावर आहे. इंजिनिअरिंग सोडून अर्थशास्त्र धरलंय. कॅल्क्युलस पुन्हा घेऊन बी मिळवला. स्टॅटिस्टिक्स, दुसरं इंग्रजी, मायक्रो, प्रोग्रॅमिंग आणि इतिहासाचा एक वेगळा कोर्स, या सगळ्यांत ए. मॅक्रो आणि भूगोलात बी. परवा ट्रान्सक्रिप्ट छापून आणली आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. समासात पेन्सिलीने हिशोब मांडलेला, शेवटी जीपीए (४ पैकी सरासरी) २.४६ आणि त्याभोवती दोनदा गोल. म्हणाला, "आई, एवढ्यावर कोण घेणार?"

नणंदेच्या यजमानांचं म्हणणं, दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात कोरी पाटी घेऊन बसव, अर्जात जुन्या कॉलेजचं नावच घालू नका. सासूबाई म्हणतात पुण्याला पाठवा, तीन वर्षांत बीकॉम होईल. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काही सुचतही नाही. येत्या नोव्हेंबरात अर्ज करावा की अजून वर्षभर थांबावं? जाणकारांनी प्लीज सांगा.

गवतीचहा:
आधी त्या कोऱ्या पाटीचं. अजिबात करू नका. यूसीच्या अर्जात आजवर जिथे जिथे नाव घातलं ती प्रत्येक संस्था लिहावी लागते, एफ मिळालेली आणि अर्धवट सोडलेलीसुद्धा. खाली सही करून हे खरं आहे असं लिहून द्यायचं असतं. लपवलेलं नंतर उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. असे सल्ले देणाऱ्यांचं काही जात नाही, जातं ते पोराचं.

आकडेमोड:
अंगणवेल, २.४६ हा हिशोब यूसी धरतच नाही, त्यामुळे तो गोल खोडायला सांगा. डी किंवा एफ आलेला कोर्स पुन्हा घेतला की यूसी जीपीएत नवीन ग्रेड धरते, जुनी सोडते. तुम्ही युनिट्स (प्रत्येक कोर्सचं वजन) दिलेली नाहीत, म्हणून मी नेहमीची धरतो: कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री प्रत्येकी ५, प्रोग्रॅमिंग, स्टॅटिस्टिक्स आणि प्रयोगासकट भूगोल प्रत्येकी ४, बाकी सगळे ३. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १, एफ ०, त्याला युनिट्सने गुणायचं. एकूण ४८ युनिट्सना ११८ गुण, म्हणजे त्याचे २.४६. माझा अंदाज बरोबर दिसतोय. कॅल्क्युलसचा जुना एफ वजा केला की ४३ युनिट्स, जीपीए २.७४. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला यूसीसाठी किमान २.४ लागतो, म्हणजे दार आत्ताच उघडं आहे.

आता खरी गोष्ट. कम्युनिटी कॉलेजांत 'अकॅडमिक रिन्यूअल' असतं. नंतरचे मार्क चांगले असतील तर अर्ज करून जुने डी-एफ जीपीएतून काढून घेता येतात. ट्रान्सक्रिप्टवर ते दिसत राहतात आणि यूसीच्या अर्जातही लिहावे लागतात, पण कॉलेजने तसा शेरा मारला की यूसी ते मोजत नाही. केमिस्ट्री, इतिहास आणि सायकॉलॉजी असे काढले की उरतात ३२ युनिट्स आणि ११० गुण. जीपीए ३.४४!

किती युनिट्स काढता येतात, मध्ये किती काळ जावा लागतो, नंतरचा जीपीए किती हवा, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये सापडेल. एक मेख आहे: डी काढला की त्याची युनिट्सही जातात. केमिस्ट्रीची ५ गेली तर जाऊ देत, अर्थशास्त्राला ती लागत नाहीत.

रातराणी_फ्रीमाँट:
वरच्यांशी सहमत. फक्त फायनान्शियल एडमध्ये गल्लत करू नका. रिन्यूअल तिथे चालत नाही. फेडरल मदतीच्या नियमात घेतलेला प्रत्येक कोर्स मोजला जातो, डब्ल्यूसुद्धा. माझ्या भाच्याचा जीपीए सुधारला होता, तरी कॉलेजने एड थांबवली, कारण घेतलेल्यांपैकी पूर्ण केलेल्या युनिट्सचं प्रमाण कमी पडत होतं. अपील करता येतं. मधल्या काळात काय झालं आणि आता काय बदललं ते कागदपत्रांसकट लिहायचं. तुमच्या मुलाला एड मिळत असेल तर हे आधी बघा.

आणि काउन्सेलरकडे त्यालाच जाऊ दे. कॉलेजात नाव घातलं की रेकॉर्डचा हक्क विद्यार्थ्याचा, मग वय काही असो, फी कोणीही भरो. त्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय ते तुमच्याशी बोलणार नाहीत. मी एकदा खिडकीवरून हात हलवत परत आलेय.

सदाशिवपेठी:
पुण्याचा पर्याय काढूच नका हो. आपल्याकडे केटी सोडवली की विषय संपला असं सगळ्यांना वाटतं, पण तिकडे वाढलेल्या मुलाला इथलं परीक्षेआधीचं पाठांतर झेपेल का? शिवाय तीन वर्षांच्या पदवीवर तिकडे पुढे मास्टर्स करताना काही विद्यापीठं खळखळ करतात. आजीला भेटायला मात्र जरूर पाठवा.

आकडेमोड:
राहिलेलं लिहितो. ट्रान्सफरला एकूण ६० सेमिस्टर युनिट्स लागतात, पुढच्या वसंत सेमिस्टरच्या अखेरीपर्यंत. ३२ हातात असतील तर दोन सेमिस्टर्समध्ये २८. नोकरी करत असेल तर जड आहे, पण जमण्यासारखं आहे. दोन इंग्रजी, एक गणित आणि इतर चार कोर्स किमान सी ग्रेडने हवेतच. कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ते 'असिस्ट' या साइटवर बघा, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका.

टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) ऐकलंय का? डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला भरता येतो, १ ते ३० सप्टेंबर या काळातच. जीपीएची अट कॅम्पसनुसार आणि विषयानुसार बदलते, यंदाचा तक्ता बघा. म्हणजे रिन्यूअलचा अर्ज आजच्या आज! टॅगनंतर नोव्हेंबरअखेर मुख्य अर्जही भरायचाच, नाहीतर हमी फुकट जाते.

सीएसयूलाही (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) अर्ज टाका. तिथे किमान २.० लागतो आणि ट्रान्सफरची असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) असेल तर सिस्टिममध्ये जागा नक्की मिळते, कॅम्पस मात्र हवा तोच मिळेल असं नाही.

अंगणवेल:
तुमचे पाय कुठे आहेत, नमस्कार करते! युनिट्स तुम्ही धरलीत तीच आहेत. रात्री त्याला वाचून दाखवलं. आधी "हे सगळं तू चव्हाट्यावर मांडलंस?" झालं, मग गुपचूप फोन घेऊन कॅटलॉग वाचत बसला. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये २४ युनिट्सपर्यंत काढता येतात म्हणे. गुरुवारी सकाळची काउन्सेलरची वेळ त्याने घेतली आहे.

त्याचा एक प्रश्न: निबंधात त्या वर्षाबद्दल लिहायचं का?

गवतीचहा:
निबंध चार, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांचे. त्यातला एक सक्तीचा, निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली त्यावर. तिथे अर्थशास्त्रच लिहावं. पडलेल्या मार्कांचा खुलासा करायला शैक्षणिक माहितीच्या भागात वेगळी जागा असते, तिथे चार सरळ वाक्यांत उरकावं. गोदामातल्या वर्षाबद्दल मात्र एखादा निबंध जरूर लिहावा, आणि तो त्याचा त्यानेच लिहावा. आणि हो, शरद सेमिस्टरचे मार्क ३१ जानेवारीपर्यंत अपडेट करायचे असतात, ते विसरू नका.

रातराणी_फ्रीमाँट:
गुरुवारी अजून एक विचारायला सांगा. २०२५च्या शरदापासून जनरल एज्युकेशनचा (सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या सामान्य विषयांचा) आराखडा बदललाय, आयजीईटीसीच्या जागी कॅल-जीईटीसी आलंय. मध्ये वर्षाचा खंड पडल्यामुळे त्याला कुठला लागू होतो ते लेखी घ्या. दोन्हींतले कोर्स थोडे वेगळे आहेत.