चर्चा धागा: अटॅक आलेला नसेल तर टेबलावरच स्टेंट कशाला?

पाचपाखाडीकर

थेट मुद्द्यावर येते. हार्ट अटॅक आलेला नाही. चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की दोन-पाच मिनिटांत मोकळी होते, आणि कित्येक महिने हे एकाच पातळीवर आहे. अशा माणसाला अँजिओग्राफीच्या (धमन्यांत रंग सोडून एक्स-रेने बघायच्या तपासणीच्या) टेबलावरच स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालू नये असं माझं ठाम मत आहे. आधी औषधं पूर्ण मात्रेत द्यावीत, पेशंटला टेबलावरून उतरून विचार करू द्यावा आणि मग ठरवावं. विरोधी मतं जरूर मांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

बाबांची अँजिओग्राफी ठाण्यातच झाली, मनगटातून. वीस-पंचवीस मिनिटांत आईला आणि मला आत बोलावलं. काचेपलीकडे बाबा हिरव्या चादरीखाली जागे होते आणि मान वळवून आमच्याकडे बघत होते. स्क्रीनवर एक काळी रेघ मध्येच दोऱ्याएवढी बारीक झालेली दाखवली. "ऐंशी टक्के आहे, आताच करून टाकू, नाहीतर परत ॲडमिट व्हा, परत खर्च." आम्ही दहा मिनिटं मागितली. "पेशंट टेबलावर आहे" हे उत्तर मिळालं आणि फॉर्म पुढे आला. बाबा आज व्यवस्थित आहेत, रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. तरीही त्या दहा मिनिटांना नकार देण्याइतकी निकड वैद्यकशास्त्रात होती का, हा माझा प्रश्न आहे.

निकड नव्हती असं मी म्हणते. २००७ साली 'करेज' नावाच्या चाचणीत २२८७ स्थिर पेशंट घेतले होते. अर्ध्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करून स्टेंट घालणं), अर्ध्यांना फक्त औषधं. मृत्यू आणि अटॅक यांत फरक पडला नाही. मग २०१९ साली 'इस्कीमिया' चाचणीचे निकाल आले. त्यात ५१७९ पेशंट होते, भारतातली केंद्रंही होती. स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष दिसलेले हे लोक, तरी सुमारे सव्वातीन वर्षांत उत्तर तेच.

कारणही समजण्यासारखं आहे. आपल्याला सांगितलं जातं की नळ तुंबलाय, साफ केला की झालं. पण बहुतेक अटॅक येतात ते धमनीच्या भिंतीतल्या चरबीच्या मऊ थरावरचं पातळ आवरण फाटून आणि तिथे रक्ताची गुठळी धरून. आदल्या दिवशी ती जागा चाळीस टक्केच अरुंद असू शकते, स्क्रीनवर कुणी बोटही ठेवणार नाही. स्टेंट दोन-तीन सेंटीमीटर जागा सांभाळतो. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सगळ्या धमन्यांतले थर घट्ट करते.

येऊर_पायवाट

असहमत. तुम्ही सगळं गणित मृत्यूवर मांडलंय. मी ५८ वर्षांचा आहे, रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बरने तुर्भ्याला जातो. दीड वर्षापूर्वी स्टेशनचा पूल चढताना अर्ध्यावर कठडा धरून उभं राहायला लागायचं. मागून लोंढा, कुणी ढकलतंय, कुणी "काका, बाजूला व्हा". मेटोप्रोलॉलने दिवसभर अंगात शिसं भरल्यासारखं व्हायचं, नायट्रेटने डोकं ठणकायचं. आठ महिने प्रामाणिकपणे गोळ्या घेतल्या, मग स्टेंट घातला. पहिल्याच आठवड्यात पूल एका दमात चढलो. आयुष्य किती वाढलं हे मी कुणाला विचारलेलंच नाही. मला कामावर जायचं होतं.

तुम्ही 'इस्कीमिया'चा अर्धाच निकाल दिलात. ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांना स्टेंट किंवा बायपासने जास्त आराम पडला, हेही त्याच चाचणीत आहे.

पाचपाखाडीकर

@येऊर_पायवाट काका, तुम्ही आठ महिने गोळ्या घेतल्यात आणि मग ठरवलंत. माझं म्हणणं तेच तर आहे.

आरामाबद्दल मात्र थोडं सांभाळून. २०१७ च्या 'ऑर्बिटा' चाचणीत एका गटाला खरी अँजिओप्लास्टी केली आणि दुसऱ्याला नुसतं कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) नेऊन गुंगी दिली, स्टेंट घातलाच नाही. कुणाला काय झालं हे पेशंटला माहीत नव्हतं. दोन्ही गटांची औषधं आधी नीट बसवली होती. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवरच्या वेळात फरक निघाला सरासरी १६.६ सेकंदांचा, आणि तोही संख्याशास्त्रात धरण्याजोगा नाही.

येऊर_पायवाट

आणि २०२३ ची 'ऑर्बिटा-२'? तीच टीम, तसाच खोटा उपचार, ३०१ पेशंट. दुखण्याच्या गोळ्या बंद करून स्टेंट घातला तर आराम खरा पडतो हे त्यांनीच दाखवलं. म्हणजे स्टेंटने बरं वाटणं हा नुसता मनाचा खेळ नाही. मग ज्याला गोळ्या सोसत नाहीत त्याने आधी सहा महिने हाल का काढायचे?

एमडी_घोडबंदर

मी फिजिशियन आहे, कॅथलॅबमध्ये काम करत नाही, त्यामुळे स्टेंटमध्ये माझा हितसंबंध नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण हे दुखणं कुठून येतं ते इथे कुणी सांगितलेलं नाही.

शरीराला रक्त मिळतं ते हृदय आकुंचन पावताना. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला मात्र त्याचं स्वतःचं रक्त मुख्यतः तो सैलावतो तेव्हाच मिळतं, कारण आकुंचनात स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. ठोके मिनिटाला ७० असतात तेव्हा दोन आकुंचनांमध्ये जवळजवळ अर्धा सेकंद विश्रांती असते. पुलावर चढताना ठोके १३० होतात तेव्हा काटछाट मुख्यतः या विश्रांतीची होते. मागणी वाढते आणि नेमकी भरून घ्यायची वेळ घटते. त्यात हा स्नायू शांत बसल्यावरही रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेत असतो, इतर अवयव सरासरी पाव भाग घेतात. म्हणजे जास्त ऑक्सिजन ओढून घ्यायला त्याच्याकडे वाव नाही, जास्त रक्तच लागतं. धमनी अरुंद असेल तर तेच मिळत नाही आणि छाती भरून येते.

आता बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल त्यातलीच एक गोळी) काय करतो बघा. ठोके कमी करतो, म्हणजे विश्रांतीचा काळ वाढवतो, म्हणजे हृदयाला जेवायला वेळ देतो. "नुसत्या गोळ्यांवर ठेवलंय" असं नातेवाईक नाराजीने म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो पूर्ण उपचार आहे. एक गोळी सोसली नाही तर डोस कमी करता येतो, आयव्हाब्राडीन आहे, रॅनोलाझीन आहे. पुष्कळांना हे कुणी सांगतच नाही.

पण धागाकर्तीने एक गोष्ट गाळलीय आणि ती गंभीर आहे. डावी मुख्य धमनी ५० टक्के किंवा जास्त अरुंद असलेले, हृदयाची पंपिंग ३५ टक्क्यांखाली गेलेले, नुकताच अटॅक येऊन गेलेले लोक 'इस्कीमिया'त घेतलेच नव्हते. तो निकाल त्यांना लावू नका.

कळवा_नाका

सगळं छान. पण हे दोनदा ॲडमिट व्हायचं कुणी? माझा भाऊ रिक्षा चालवतो. अँजिओग्राफीचे दोन दिवस धंदा बंद. मग विचार करायला घरी, मग परत भरती, परत तपासण्या, परत दोन दिवस. टेबलावरच झालं असतं तर एकदाच बुडालं असतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० वर आणली तेव्हा वाटलं सुटलो, पण बिलात स्टेंट ही एकच ओळ असते. खोली, फुगा, वायर, डॉक्टरांची फी वेगळीच. विचाराला वेळ हवा हे ज्यांना रजा भरपगारी मिळते त्यांनी बोलावं.

पाचपाखाडीकर

@कळवा_नाका दादा, रोजगार बुडतो हे खरंच आहे. पण उलट्या बाजूने बघा. स्टेंट घातला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बरेच महिने चुकवून चालत नाहीत, साधारण सहा महिने तरी. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि तो अटॅक मोठा असतो. रिक्षावाल्याला महिन्याच्या अखेरीस गोळ्या परवडल्या नाहीत तर? हा प्रश्न त्याला टेबलावर कुणी विचारतं का?

कळवा_नाका

तुमच्या औषधांच्या मार्गातही गोळ्या जन्मभराच्याच आहेत. परवडण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखा.

एमडी_घोडबंदर

सारखा नाही. स्टॅटिन आठवडाभर चुकली तर नुकसान हळूहळू होतं, नव्या स्टेंटवर क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या दोन गोळ्यांपैकी एक) चुकली तर काही दिवसांत होऊ शकतं. मात्र एवढं मान्य की आमचे निम्मे पेशंट बरं वाटलं की गोळ्या सोडतात. चाचणीतल्या पेशंटला नर्स फोन करून विचारते, माझ्या ओपीडीतल्या पेशंटला कोण विचारणार? म्हणून पुस्तकातला औषधोपचार आणि घोडबंदर रोडवरचा औषधोपचार यांत अंतर पडतं. हा स्टेंटच्या बाजूचा मुद्दा आहे असं मी समजत नाही, पण तुमच्या मताला तो नडतो.

वाशी_सागरविहार

या सगळ्यापेक्षा ईईसीपी करा. नैसर्गिक बायपास. पायांना पट्टे बांधतात, रोज तासभर, ३५ बैठका. माझ्या मामांचे ब्लॉकेज गेले.

एमडी_घोडबंदर

ब्लॉकेज गेले हे अँजिओग्राफी परत करून पाहिलं का? हृदय सैलावतं त्याच वेळी पायांवरचे पट्टे फुगतात आणि रक्त हृदयाकडे ढकलतात, त्यामुळे काहींचं दुखणं कमी होतं. ज्यांना औषधंही पुरत नाहीत आणि स्टेंट-बायपासही शक्य नाही त्यांच्यासाठी तो एक मार्ग आहे. त्याने धमनीतला थर विरघळतो हे खोटं आहे. 'नैसर्गिक बायपास' म्हणून मुख्य उपचार सोडायला लावणं याला माझा सक्त विरोध आहे.

कोपरी_पूर्व

मला हा धागाच धोक्याचा वाटतो. माझ्या थोरल्या भावाला पहाटे छातीत जड झालं, घाम फुटला. "गॅस असेल, स्टेंटच्या नादी लागायचं नाही" म्हणत ओवा खाऊन पडून राहिला. सकाळी दहाला नेलं. वाचला, पण हृदयाचा तो भाग गेला, आता जिना चढवत नाही. तुमचं 'स्थिर' वगैरे कोण वाचतंय? लोक मथळा वाचतात.

पाचपाखाडीकर

@कोपरी_पूर्व तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं. मथळ्यात "अटॅक आलेला नसेल तर" हे शब्द म्हणूनच पहिले ठेवलेत, आणि इथे पुन्हा लिहिते. बसल्याजागी दुखलं, पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही, घाम आला, हात-जबडा-पाठीत कळ गेली, किंवा रोज पुलावर येणारी कळ आता सपाट रस्त्यावर यायला लागली, तर ते स्थिर नाही. १०८ लावा. मधुमेह्यांना आणि बायकांना नुसता दम लागूनही अटॅक येतो. तिथे स्टेंट जीव वाचवतो आणि जितक्या लवकर घालाल तितका स्नायू वाचतो. तिथे विचाराला वेळ मागायचा नाही, सही करायची.

आकडेमोड

एक भर. 'इस्कीमिया'च्या पेशंटवर पुढेही लक्ष ठेवलं गेलं. सात वर्षांच्या हिशेबात हृदयविकाराने मृत्यू स्टेंट-बायपासच्या गटात ६.४ टक्के, औषधांच्या गटात ८.६ टक्के. फरक आहे.

पाचपाखाडीकर

त्याच अहवालात इतर कारणांनी झालेले मृत्यू पहिल्या गटात जास्त आहेत, आणि एकूण मृत्यूंत फरक नाही. पेशंटला एकूण मृत्यूच मोजावा लागतो.

आकडेमोड

हृदयावर उपचार केला तर हृदयाचा मृत्यू मोजणं गैर कसं? 'करेज'मध्येसुद्धा औषधांच्या गटातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना पुढे काही वर्षांत अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावाच लागला.

पाचपाखाडीकर

म्हणजे दोन तृतीयांश लोकांना लागला नाही. टेबलावर ठरवलं असतं तर त्या सगळ्यांना घातला असता.

नेरूळची_सून

सगळं वाचून डोकं भणभणलंय. पुढच्या आठवड्यात सासऱ्यांची अँजिओग्राफी आहे. वय ६७, मधुमेह पंधरा वर्षं, ज्वेल ऑफ नवी मुंबईला फिरताना छाती भरते. काय करू?

एमडी_घोडबंदर

ताई, या बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. मधुमेह असून दोन-तीन धमन्यांत आजार निघाला तर बायपास हा स्टेंटपेक्षा चांगला ठरतो, २०१२ च्या 'फ्रीडम' चाचणीत मृत्यू आणि अटॅक दोन्ही बायपासने कमी झाले. डावी मुख्य धमनी निघाली तरी सर्जनचं मत आधी घ्यावं लागतं. म्हणजे आजार जितका मोठा निघेल तितकं टेबलावर ठरवणं अयोग्य. संमतीपत्रावर "फक्त अँजिओग्राफी" असं हाताने लिहा, सीडी मागून घ्या. टेबलावरच एखादी धमनी बंद पडली तर गोष्ट वेगळी, तेवढी मुभा त्यांना द्या.

येऊर_पायवाट

आणि सासऱ्यांना आजच विचारा की त्यांना काय करता यायला हवंय. मला पूल चढायचा होता. त्यांना फिरणं थोडं कमी करून चालणार असेल तर उत्तर वेगळं येईल. तुम्ही सगळे मिळून ठरवाल आणि त्यांना कुणी विचारणार नाही, असं करू नका.

कळवा_नाका

दोनदा भरती व्हायचंच ठरवलंत तर दोन्ही वेळचं मिळून किती होईल ते आत्ताच लेखी मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर मंजुरी उपचाराआधी लागते, त्यामुळे सगळी कागदपत्रं घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्याच दिवशी भेटा.