एसएसबीत प्लॅन फसला की मुलगा गडबडतो, हे आर्मीत शिकवतात की उपजतच लागतं?

ऐरोलीचे_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगा बीएस्सी झालाय, सीडीएसची (फौजेत ऑफिसर व्हायची परीक्षा) लेखी निघाली, भोपाळला एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळापुढे, पाच दिवस राहून कॉन्फरन्स आउट होऊन आला, म्हणजे शेवटच्या बैठकीपर्यंत जाऊन निवड झाली नाही. ठाण्यात एका क्लासला घातलं होतं, तिथे बल्ली (लाकडी वासा), फळी, दोरी घेऊन प्रत्येक अडथळ्याचं उत्तर पाठच करून घेतलेलं आणि तिकडे ड्रम जरा लांब होता, बल्ली सरकून लाल, म्हणजे स्पर्श न करायच्या, भागात पडली आणि ह्याचं डोकंच बंद झालं. आता घरात गप्प असतो, जेवतानाही. ऐन वेळी बेत बदलायची ही कुवत आर्मी आपल्या ऑफिसरना शिकवते का आणि कशी? कुणी फौजेतलं असेल तर सांगा प्लीज.

खारघर_निवृत्त_मेजर
दादा, एसएसबीत तयार ऑफिसर शोधत नाहीत हो, शिकवलं तर शिकेल का एवढंच बघतात. खरं शिक्षण पुढे. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत आम्हाला ट्यूटला न्यायचे, म्हणजे समोर खरी जमीन, हातात नकाशा, शत्रू कागदावर आणि सोबत जवान एकही नाही. मी अर्धा तास घासून प्लाटूनच्या (तीसेक जवानांची तुकडी) हल्ल्याचा प्लॅन केला, डीएसने, म्हणजे शिकवणाऱ्या ऑफिसरने, शांतपणे ऐकला आणि म्हणाला, तुझा डावा सेक्शन नाल्यात अडकलाय, वायरलेस बंद, पाच मिनिटं आहेत, बोल. मी आपला तोच प्लॅन दामटत बसलो. मग त्याने विचारलं, ती टेकडी तुला हवी कशाला होती? मला सांगताच येईना! कसं जायचं ते पाठ, कशासाठी ते डोक्यातून गेलेलं. ऑर्डर देताना मिशन दोनदा का म्हणायला लावतात ते त्या दिवशी कळलं, बाकी सगळं कोलमडलं तरी तेवढं पोराच्या डोक्यात उरायला हवं.
आणि एक मनापासून सांगतो, खोड आपल्याकडेही आहे. कोर्समधल्या डीएसच्या तयार उत्तराला पिंक म्हणतात, बरीच पोरं जमिनीकडे न बघता पिंक काय असेल ह्याचाच अंदाज बांधतात. तुमच्या क्लासने तेच केलंय.

कोपरीकर
मेजरसाहेबांचं पटलं. १९७१ च्या युद्धाचं उदाहरण बघा, जनरल सगतसिंगांच्या ४ कोअरचं (आपल्या लष्कराचं एक मोठं दल) काम मेघना नदीपर्यंतचंच होतं. ९ डिसेंबरला पाकिस्तान्यांनी आशुगंजचा पूल उडवला, नदी एवढी रुंद आणि पूल नाही, दुसरा कोणी तिथेच थांबला असता आणि त्याला कोणी बोललंही नसतं. ह्यांनी मी-४ हेलिकॉप्टरांनी पलटणी पलीकडे उतरवल्या, तोफासुद्धा नेल्या आणि ढाक्याची वाट उघडली. पण हे एका रात्रीत सुचलेलं नाही, त्याच आठवड्यात सिल्हेटला हेलिकॉप्टरांनी गुरखे उतरवून झाले होते, हात बसलेला होता.

कळव्याचे_सुभेदार
रामराम. मी शिपाई म्हणून भरती झालो, त्यामुळे खालून बघितलेलं सांगतो. पलटणीत नवीन लेफ्टनंट साहेब आले की एक्सरसाइजमध्ये चुकायचेच, रात्री वाट चुकून भलत्याच ओढ्यात आम्हाला उतरवलेलं आठवतंय. आमचे सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, तिथल्या तिथे काही बोलले नाहीत. सकाळी चहा झाल्यावर जमिनीवर काडीने ओढा काढला आणि कुठे कळलं, कळल्यावर काय केलंत एवढंच विचारलं, आम्हा जवानांनाही विचारलं. जिथे सीओ चारचौघांत झापतो तिथले तरुण साहेब पुढे प्रत्येक गोष्ट वायरलेसवर विचारत बसतात, हे मी दोन्हीकडे बघितलंय. भाऊ, तुम्ही पोराला न रागावता एकच विचारा, बल्ली पडल्यावर पहिल्या दहा सेकंदात तू काय केलंस?

ऐरोलीचे_बाबा
सुभेदारसाहेब, काल रात्री विचारलं. आधी काही बोलेना, मग म्हणाला बाबा मी जीटीओ सरांच्या (गटाच्या चाचण्या घेणारे ऑफिसर) चेहऱ्याकडे बघत होतो. बाजूचा मुलगा दोन फळ्या दोरीने बांधू म्हणत होता, ते मला ऐकू आलं होतं पण क्लासमध्ये तसं नव्हतं म्हणून मी नको म्हटलं. मग कागद घेऊन त्याने मला सगळा अडथळा काढून दाखवला, साडेबारापर्यंत बसलो होतो. पुढच्या सीडीएसचा फॉर्म भरतोय म्हणाला. मेजरसाहेब, तुमची हरकत नसेल तर एका रविवारी त्याला घेऊन खारघरला येऊ का?

खारघर_निवृत्त_मेजर
या की. सकाळी सातला, टेकडीच्या पायथ्याशी. क्लासची वही घरी ठेवून.