एकाच गच्चीवर मिरची बोकडते, गुलाब फिका पडतो, जास्वंदीवर कापूस दिसतो: नेमके काय करावे?

जुळे सोलापूर, गच्चीवरची बाग
एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे गेल्यापासून आमची मिरची बोकडली आहे, म्हणजे तिची पाने वाटीसारखी वर वळली आहेत आणि गुलाबाची पाने धूळ बसावी तशी फिकी दिसतात. त्यातच परवा वळीव कोसळला, दोन दिवस आभाळ भरून राहिले आणि आता जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला आहे. रोपवाटिकेतून मिळालेले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सगळ्या कुंड्यांवर फवारले, परंतु गुलाबावर त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. उन्हाचा त्रास कोणता आणि किडीचा कोणता, हे कसे ओळखावे?

होटगी रस्ता
आपल्याकडील तिन्ही झाडांचे दुखणे वेगवेगळे दिसते. मिरचीचे पान वर वळत असेल तर बहुधा फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक कीटक, असतात. ते खाली वळून देठ लांबला असेल तर पिवळ्या कोळी या अतिसूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून पाहावा, सुईच्या टोकाएवढे पिवळसर जीव धावताना दिसले की फुलकिड्यांविषयी शंका उरत नाही. गुलाबावर मात्र लाल कोळी असावी. पानाच्या मागे बारीक जाळी आणि पुढे पिवळट ठिपके ही तिची खूण. कोळी आठ पायांची असून कीटकांत मोडत नाही, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडने ती मरत नाही. उलट तिला खाणारे मित्रकीटक मारले गेल्याने ती वाढण्याचीच भीती अधिक. कोरड्या उष्ण हवेत तिची एक पिढी साधारण आठवड्यात पूर्ण होते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हाच घरच्या बागेतला पहिला उपाय. कोळीवर गंधक चालते खरे, पण सध्याच्या उन्हात त्याने पाने करपतात.

विजापूर रस्ता
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र प्रत्येक मलूल पानामागे कीड शोधू नये. दुपारी मान टाकलेले झाड पहाटे ताठ उभे असेल तर तो केवळ उन्हाचा परिणाम होय. सकाळीही ते मलूलच असेल तर मुळांकडे पाहावे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या बरेच वर राहिले की मिरचीची फुले कीड नसतानाही गळतात. गच्चीचा स्लॅब तापून कुंडीतली मुळे अक्षरशः भाजतात, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधावी आणि मातीवर उसाच्या पाचटाचा थर द्यावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरत असाल तर पानांच्या कडा करपतात, आणि त्यावर लोक उगाचच औषधे फवारत बसतात.

जुळे सोलापूर, गच्चीवरची बाग
कागदावर पिवळे जीव दिसले आणि गुलाबाच्या पानामागे जाळीही सापडली. आता जास्वंदीचे काय करावे? आभाळ अजून भरलेलेच आहे.

केगाव, डाळिंब बागायतदार
तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी कीड. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण ढेकणाच्या गोड चिकट स्रावाच्या लोभाने मुंग्याच त्याची राखण करतात. बरबटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत आणि उरलेल्या भागावर निंबोळी अर्क मारावा: ५० ग्रॅम निंबोळी गराची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी आणि त्यात थोडा साबण मिसळावा. मिरचीवरील फुलकिड्यांनाही हाच अर्क चालतो. फवारणी ऊन उतरल्यावरच करावी, आणि वळवाची चिन्हे असतील तर ती दुसऱ्या दिवसावर ढकलावी, नाहीतर सारे औषध धुऊन जाते. कुंडीत डाळिंब असेल तर अशा ढगाळ, ओल्या हवेत पानांवर आणि फळांवर तेल्याचे तेलकट डाग दिसतात का, तेही तपासावे. तो जिवाणूजन्य रोग असल्याने तेथे निंबोळीवर विसंबून राहू नये.