आई ट्रामाडॉल घ्यायलाच तयार नाही, खरंच सवय लागते का?

निनाद_के:
आईचा गुडघा बदलून आज आठवा दिवस. घरी सोडताना ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एकत्र गोळी दिलीय, दिवसातून तीनदा. भेटायला आलेल्या एका काकूंनी सांगितलं की ही अफूच्या जातीची आहे, सवय लागते. झालं! तेव्हापासून आई दुपारची गोळी घेतल्यासारखं करते, रात्री कळवळते आणि व्यायाम घ्यायला आलेल्या फिजिओला पायाला हात लावू देत नाही. वय ७१, बीपी आहे, झोपेसाठी अल्प्राझोलाम बरीच वर्षं चालू आहे. पाच दिवस पोटही साफ नाही. सवय लागते का, आणि लागू नये म्हणून किती दिवसांत बंद करायची?

रात्रपाळी:
सवयीचं नंतर बघू, आधी ती अल्प्राझोलाम. सर्जनना माहितीय का ती चालू आहे ते?? दोन्ही गोळ्या मेंदूला गुंगी आणतात आणि एकत्र घेतल्या की श्वास मंदावू शकतो, त्यात वय ७१. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०१६ मध्ये या जोडीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला तो याचसाठी. हाक मारून, हलवून नीट जाग येत नाही, श्वास अगदी संथ किंवा मधेच थांबतोय, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ अॅम्ब्युलन्स. आणि हे वाचून अल्प्राझोलाम मनानेच बंद करू नका हं, वर्षानुवर्षं घेतलेली एकदम तोडली तर फिट येऊ शकते, आणि ट्रामाडॉलमुळेही फिटचा धोका वाढतोच. आजच फोन करा.

निनाद_के:
बापरे. फाइल बघितली, बीपीचीच गोळी लिहिलीय. झोपेची गोळी म्हणजे 'औषध' असं आईला वाटतच नाही, म्हणून सांगितलीच नसणार. फोन लावतोय.

औषधवाला:
काकूंचं अर्धं बरोबर. ट्रामाडॉल लॅबमध्ये बनतं, अफूपासून काढलेलं नाही, पण मेंदूत अफूतलं मॉर्फिन जिथे जाऊन बसतं तिथेच बसतं. बरेच दिवस रोज घेतलं की शरीराला त्याची सवय होते आणि एकदम थांबवलं तर घाम, जांभया, नाक गळणं, जुलाब होतात, म्हणून तेव्हा डोस हळूहळू उतरवतात. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे दुखत नसतानाही गोळीची ओढ लागणं, नुकसान दिसत असून थांबता न येणं. तो धोका शून्य नाही, पण ऑपरेशननंतर थोडे दिवस सांगितल्याप्रमाणे घेतली तर कमी असतो. किती दिवस ते सर्जनच ठरवतील.

पोटाचं मात्र अंगावर काढू नका. मळमळ, गुंगी चार दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता होत नाही, कारण आतड्यांवरही तेच रिसेप्टर, म्हणजे औषध जाऊन बसायच्या जागा, असतात आणि तिथली हालचालच मंदावते. नुसतं इसबगोल देत बसू नका, पाणी कमी पडलं तर उलट आत तटतं. आतड्यांना हलवणारं, सेना किंवा बिसाकोडिलसारखं, चालेल का ते त्याच फोनवर विचारा. पोट फुगून उलट्या होत असतील तर घरी काहीच देऊ नका, दाखवून आणा.

अजून एक, सर्दीतापाची वेगळी गोळी देताना त्यात पॅरासिटामॉल आहे का बघा, लिव्हरचा प्रश्न असतो. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर तेही सांगा, ट्रामाडॉलशी भांडणाऱ्या बऱ्याच आहेत त्यात.

दोन्ही_गुडघे_नवे:
मी पण हाच शहाणपणा केलेला. दुपारची चुकवली, रात्री सहन होईना म्हणून दोन एकदम घेतल्या आणि बाथरूमच्या दारात गरगरून पडता पडता वाचलो. आईंना रात्री एकटं उठू देऊ नका. मला फिजिओने गोळीची वेळच बदलून घ्यायला लावली, व्यायामाच्या तासभर आधी, मग गुडघा वाकायला लागला. सवय कसली लागते, दुखणं कमी झाल्यावर पुढची घ्यायची आठवणसुद्धा राहिली नाही!

निनाद_के:
बोललो. डॉक्टरांनी ट्रामाडॉल आजपासून बंद करून नुसतं पॅरासिटामॉल आणि बर्फाचा शेक सांगितलाय, अल्प्राझोलाम आहे तशीच, पोटासाठी रात्री सेना. उद्या सकाळी तपासायला बोलावलंय. आईची उशी उचलली तर खाली सहा गोळ्या निघाल्या, कागदात नीट बांधून ठेवलेल्या. विचारलं तर म्हणे, "अडीअडचणीला असाव्यात."