मदत हवी आहे: मिथेन वाटेतच का गोठत नाही?
मंडळी, जपानच्या समुद्रात जोएत्सूजवळ मिथेन हायड्रेट (पाण्याच्या जाळीत मिथेन अडकून बनलेला बर्फासारखा पदार्थ) तळाच्या चिखलातच सापडतं, काही ठिकाणी तर अगदी उघड्यावर. जपानच्याच पॅसिफिक बाजूच्या नानकाई या समुद्रतळातल्या खंदकात मात्र ते तळाखाली जवळजवळ 300 मीटरवर, वाळूच्या कणांमध्ये आहे. 2013 मध्ये तिथे दाब कमी करून गॅसही काढला (सहाच दिवसांत विहिरीत वाळू शिरली, ते सोडा).

माझं घोडं इथे अडलंय: जोएत्सूच्या थंडीत आणि दाबात तळाखालून वर येणाऱ्या मिथेनचं वाटेतच हायड्रेट व्हायला हवं. मग बुडबुडे पाण्यापर्यंत पोचतात कसे? हायड्रेट बनताना मीठ बाहेर पडून भेगांतलं पाणी जास्त खारट होतं, म्हणून? की हायड्रेटचंच अस्तर गॅसला पाण्यापासून वेगळं ठेवतं? आणि पाण्याहून हलकं असूनही हायड्रेट चिखलात रुतून राहतं, ते कशामुळे? जाणकारांनी जरा सोपं करून सांगा. आकडे चालतील, समीकरणं नकोत!