सोसायटी ‘स्मार्ट’ करण्याआधी इमारतीची परीक्षा घ्यावी का?

गोदाकाठ: नाशिकला गंगापूर रोडवर आमची २००४ सालची, ३६ फ्लॅटची सोसायटी. येत्या सर्वसाधारण सभेत मोबाइलवर चालणारे दिवे, व्हिडिओ डोअरफोन आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट असा ठराव येतोय. माझं मत: आधी इमारत किती तयार आहे ते तपासा, मग पैसे काढा. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्यासाठी ‘स्मार्ट रेडिनेस इंडिकेटर’ची पद्धत ठरवली. इमारत वीज वाचवते का, राहणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे चालते का, ग्रिडवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर, ताण असताना विजेचा वापर मागेपुढे करू शकते का, हे पाहून त्यात गुण देतात. आपणही ही पट्टी लावावी.

सिडकोकर: अजिबात पटलं नाही. ही घर तापवणाऱ्या देशांची पट्टी. आमच्याकडे अर्थिंग धड नाही, डक्टमध्ये वायरी लोंबतात. आधी चांगला वायरमन बोलवा. सल्लागाराची फी मेंटेनन्समधूनच जाणार ना?

गोदाकाठ: दादा, जी सेवा इमारतीत नाही आणि लागतही नाही, ती त्या पद्धतीत गुणांतून वगळतात. कशाला किती महत्त्व द्यायचं, हेही हवामानाप्रमाणे बदलतं. आणि सल्लागार कशाला? आमचा पाण्याचा पंपच बघा. वॉचमन संध्याकाळी सातला चालू करतो आणि टाकी भरून वाहिली की खालून कुणीतरी ओरडतं. टाकी भरली की पंप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर आणि टायमर लावला, तर तोच पंप दुपारी चालेल. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटवर सवलत आहे. वापर सरकवणं म्हणतात ते हेच. गंगापूर धरणाचं पाणी गटारात जाताना मला बघवत नाही.

पाथर्डी फाटा: चार्जिंगचं मीही सांगतो, कामच ते आहे माझं. घरचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा. आठ गाड्या रात्री एकदम लागल्या की २६ किलोवॅटच्या वर. मंजूर लोड आणि केबलची जाडी न बघता पॉइंट देऊ नका, केबल तापते. गाड्या आळीपाळीने चार्ज करणारी यंत्रणा बसवता येते, पण ते आधी ठरवावं लागतं.

इंदिरानगरची सून: माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. ॲप त्यांना उघडत नाही. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं. राहणाऱ्यांची गरज मोजायची तर तिथून सुरुवात करा.

सिडकोकर: ताईंचं शंभर टक्के पटलं. पंपाचंही मान्य, पण त्याला टायमर पुरे, गुणपत्रिका कशाला? आमच्या शेजारच्या इमारतीत सेन्सर बसवले, दोन वर्षांत कंत्राटदार फोन घेईना. आज सगळं हातानेच चालतं.

गोदाकाठ: म्हणूनच तर दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न तपासणीतच हवा. रविवारी मी मीटर आणि केबलची नोंद घेतोय. अर्थिंगचा तुमचा मुद्दा ठरावात पहिला घालतो, लिफ्टचा दुसरा.

सिडकोकर: घाला. डोअरफोनला मात्र माझा विरोधच राहणार.